ग्लॉकोनाइटचे हिरवे कण निवडताना

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू मूठभर घ्या. ती आज तिथे साठतेय, पण तिच्यातले इल्मेनाइट या काळ्या खनिजाचे कण दख्खनच्या बेसॉल्टमधून झिजून आलेत. त्यांचं वय काढता आलं, तरी साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचं उत्तर येईल. म्हणजे बेसॉल्टचं वय, किनाऱ्याचं नव्हे. गाळाच्या खडकांची हीच अडचण. म्हणून गाळ साचला तेव्हा तिथेच जन्मलेलं खनिज शोधावं लागतं. गाळाच्या थरांचं वय काढण्याच्या माझ्या कामात ते बहुतेकदा ग्लॉकोनाइट हे हिरवं खनिज असतं.

गाळ अगदी सावकाश साचत असेल अशा समुद्रतळावर ते तयार होतं, कधी जीवांच्या विष्ठेच्या गोळ्यांत, तर कधी फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म सागरी जीवांच्या रिकाम्या कवचांत. कच्छच्या मणियारा फोर्ट स्तरांमधल्या कवचांच्या कप्प्यांत ते हिरवं भरण पाहायला मिळतं. घडताना ते पोटॅशियम घेत जातं. त्यातलं किरणोत्सारी पोटॅशियम-40 सुमारे 125 कोटी वर्षांत निम्मं होतं आणि विघटन झालेल्या दर शंभर अणूंतले साधारण 11 आरगॉन-40 बनतात. तो वायू कणातच अडकून राहिला, तरच वय खरं निघतं.

खडक खलबत्त्यात हलक्या हाताने फोडा. दाण्याची भरड काढतो तशी भरड हवी, पीठ नको. चाळून, धुऊन, मंद उबेवर वाळवा. मी 50 अंशांच्या वर जाऊ देत नाही, कारण या खनिजाचे पापुद्रे आरगॉन सहज सोडतात. चुना चिकटला असेल तर विरल ॲसेटिक आम्ल पुरतं, जहाल आम्ल वापरू नका. मग चुंबकी विभाजक. लोहामुळे ग्लॉकोनाइट एका बाजूला ओढलं जातं, क्वार्ट्झ दुसऱ्या बाजूला जातं.

खरं काम यानंतरचं. सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने तांदूळ निवडतो तसे एकेक कण निवडायचे. गर्द हिरवा, पृष्ठावर बारीक भेगा असलेला कण घ्या. फिकट हिरवा कण अपुरा पिकलेला असतो. तपकिरी कण गंजलेला. घासून गुळगुळीत झालेला दिसला तर तो जुन्या थरातून वाहून आला असू शकतो, म्हणून बाजूला ठेवा. माझ्या पहिल्याच नमुन्याचं वय जीवाश्मांनी सांगितलेल्या काळापेक्षा बरंच जास्त आलं होतं. उरलेली पूड पुन्हा पाहिली तेव्हा बायोटाइटचे (काळ्या अभ्रकाचे) चार-पाच चमकते पापुद्रे सापडले. तेही चुंबकाला ओढले जातात आणि जमिनीवरून जुनं आरगॉन घेऊन येतात. तेव्हापासून निवडलेला ढीग दुसऱ्या दिवशी, ताज्या डोळ्यांनी, मी पुन्हा निवडते. एवढा वेळ द्याच.

थोडी पूड क्ष-किरण विवर्तनाला, म्हणजे स्फटिकातल्या थरांमधलं अंतर मोजणाऱ्या चाचणीला पाठवा. 10 अँगस्ट्रॉमचं शिखर टोकदार हवं. पसरट आलं तर फुगणाऱ्या मातीचे थर शिल्लक आहेत असं समजा. पोटॅशियम ऑक्साइड 6 टक्क्यांच्या खाली असेल तर मी तो नमुना मोजत नाही.

पोटॅशियम आणि आरगॉन एकाच नीट मिसळलेल्या पुडीच्या दोन भागांत मोजा. हवेतून शिरलेलं आरगॉन वजा करायला आरगॉन-36 हा त्याचा दुसरा प्रकार मोजावा लागतो. आरगॉन-आरगॉन पद्धत (हिच्यात पोटॅशियमऐवजी त्यापासून अणुभट्टीत बनलेलं आरगॉन-39 मोजतात) वापरणार असाल तर पूड काचेच्या निर्वात नळीत बंद करून अणुभट्टीत द्या. न्यूट्रॉनच्या माऱ्यात आरगॉन-39 उसळतं, आणि हे स्फटिक इतके सूक्ष्म की ते आरगॉन बाहेर निसटतं. नळीत ते अडकलं नाही तर वय खोटं जास्त येतं. सोबत जीएल-ओ हे फ्रान्सचं, सुमारे 9.5 कोटी वर्षांचं प्रमाण-ग्लॉकोनाइट मोजायला विसरू नका.

थर नंतर खोल गाडला गेला, तापला, तर आरगॉन गळतं आणि वय कमी दिसतं. मध्य भारतातल्या विंध्य खडकांच्या सेमरी गटात असंच झालं. तिथल्या ज्वालामुखी राखेतल्या झिरकॉन या टिकाऊ खनिजाने सुमारे 163 कोटी वर्षं दाखवली, ग्लॉकोनाइटची वयं मात्र त्याहून लहान निघाली. अशा जुन्या खडकांत मी आकड्यापुढे 'किमान वय' लिहिते.