मॅशचा उतारा वाढवायचा असेल तर आधी साखर कुठे अडकली ते शोधा

माझे वडील सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मिल विभागात होते. गळीत हंगामात घरात पाऊल टाकलं की पहिला विषय उताऱ्याचा, म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली त्याचा. आज साडेअकरा पडला, काल बारा होता. इंग्लंडमध्ये रेडिंगला राहायला आल्यावर मी घरी माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून) बिअर करायला लागले, आणि तोच शब्द माझ्या वहीत आला. दळलेला माल्ट गरम पाण्यात मुरवून त्यातल्या स्टार्चची साखर करतात, तो मॅश. माल्टमधून जेवढी साखर निघू शकते, त्यातली किती प्रत्यक्षात पातेल्यात आली, हा मॅशचा उतारा. कारखान्याचा हिशेब वेगळा असतो, पण जिवाला लागणारी चुटपुट तीच.

(ब्रिटनमध्ये स्वतःपुरती बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, तेव्हा तिथल्या मंडळींनी हे नुसतं वाचावं.)

हिशेब सोपा आहे. चांगल्या पेल (फिकट) माल्टच्या एका किलोतून साधारण ३०० अंश निघू शकतात. अंश म्हणजे वर्टचे (मॅशमधून गाळलेल्या गोड पाण्याचे) लिटर गुणिले ग्रॅव्हिटीतले १.० नंतरचे आकडे; ग्रॅव्हिटी म्हणजे पाण्याच्या तुलनेत वर्टची घनता, साखर जास्त तर आकडा मोठा. मी ५ किलो मॅरिस ऑटर हा पेल माल्ट घेते, म्हणजे १५०० अंश. उकळण्याआधी माझ्याकडे २५ लिटर वर्ट जमायचा, ग्रॅव्हिटी १.०३६. पंचवीस गुणिले छत्तीस, ९००. उतारा साठ टक्के. सलग चार घाणे असेच गेले. मोजताना वर्टचा नमुना हायड्रोमीटरवर (ग्रॅव्हिटी मोजायच्या तरंगत्या नळीवर) लिहिलेल्या तापमानाला, बहुधा २० अंश सेल्सिअसला, आणून मगच वाचा. गरम नमुन्यात आकडा खोटाच कमी दिसतो आणि नसलेल्या दुखण्यावर औषध सुरू होतं.

साठ टक्के कळल्यावर मी नको त्या गोष्टी केल्या. मॅश दीड तास ठेवला, स्पार्जचं, म्हणजे चोथा धुण्याचं, पाणी वाढवलं, माल्ट बदलला. काही हललं नाही. कारण साखर दोन ठिकाणी हरवू शकते: स्टार्चची साखर झालीच नाही, किंवा झाली पण चोथ्यातून धुऊन निघाली नाही. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. आपलं दुखणं कोणतं, हे एका मापात कळतं आणि ते माप बहुतेक जण घेत नाहीत: मॅश संपल्यावर, स्पार्जचं पाणी ओतण्याआधी, पहिल्या धारेच्या वर्टची ग्रॅव्हिटी.

किलोला ३ लिटर पाणी घेतलं आणि सगळ्या स्टार्चची साखर झाली, तर पहिली धार १.०८४ च्या जवळ यायला हवी. १.०८० च्या आसपास आली तर मॅश उत्तम झालाय, चूक धुण्यात आहे. माझी आली १.०६३. म्हणजे धुण्याआधीच पाव हिश्शाहून जास्त साखर तयारच झाली नव्हती.

मग आयोडीन काढलं. पांढऱ्या बशीत वर्टचा चमचाभर घेऊन एक थेंब टाकला. रंग पिवळट तपकिरीच राहिला, म्हणजे वर्टमध्ये स्टार्च नाही. पण मॅशमधले चार दाणे उचलून बशीत चमच्याच्या पाठीने चिरडले आणि त्यांच्यावर थेंब टाकला, तर दाण्याचा गर बघता बघता काळा-निळा झाला. पाणी गरापर्यंत पोचलंच नव्हतं. दुकानातून दळून आणलेला माल्ट इतका जाडसर होता की काही दाणे अख्खेच होते.

म्हणून पहिला उपाय दळण. मी दोन रोलरची हातमिल घेतली आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून फट ०.९ मिलिमीटर ठेवली. दाणा फुटला पाहिजे, गराचे बारीक कण झाले पाहिजेत, पण टरफल शक्यतो अख्खं राहिलं पाहिजे, कारण पुढे तेच गाळणीचं काम करतं. टरफलाचा भुगा झाला की चोथा घट्ट बसतो आणि धार बंद पडते. यावर छान युक्ती आहे: दळण्याच्या दहा मिनिटं आधी ५ किलो माल्टवर १०० मिलिलिटर पाणी फवारून हाताने कालवा. टरफल चिवट होतं, आतला गर कोरडाच राहतो. माल्ट चिकट लागला तर पाणी जास्त झालंय, थोडा वेळ पसरून ठेवा. फट कमी करताना एका वेळी ०.१ मिलिमीटरच करा.

नुसत्या दळणाने पहिली धार १.०७९ वर गेली, आणि २५ लिटर वर्ट १.०४७ ला आला. अठ्ठ्याहत्तर टक्के! पाणी, तापमान, वेळ, सगळं तेच होतं. वडिलांना फोन करून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ऊस नीट फुटला नाही तर पुढच्या मिलने कितीही दाबा.

बाकीचं थोडक्यात. १५ लिटर पाणी ७२-७३ अंशांना घेतलं की माल्ट पडल्यावर मॅश ६६ ला बसतो. माल्ट हळूहळू टाका आणि पिठल्यातल्या गुठळ्या फोडतो तसं तळापासून हलवा. गुठळीच्या आत कोरडं पीठ राहतं. मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ हवा. आमच्याकडचं पाणी खडूच्या डोंगरांतलं, कार्बोनेटने भरलेलं. फिकट माल्टच्या मॅशमध्ये ते पीएच वर खेचतं. थोडं जिप्सम आणि लॅक्टिक ॲसिड थोडं थोडं घालत, दर वेळी नमुना थंड करून मोजा. काळ्या भाजलेल्या माल्टची बिअर करताना ही अडचण कमी, कारण तो माल्ट स्वतःच आम्ल असतो.

धुण्याचं तत्त्व मला वडिलांच्या मिलमध्ये आधीच दिसलं होतं. शेवटच्या मिलआधी चोथ्यावर पाणी मारतात, राहिलेली साखर सोडवायला. मी १५ लिटर स्पार्जचं पाणी एकदम न ओतता साडेसात-साडेसात असं दोनदा घालते, ७५-७६ अंशांचं. दर वेळी चोथा नीट ढवळायचा, दहा मिनिटं बसू द्यायचा, पहिली गढूळ दोन-तीन लिटर धार परत वर ओतायची आणि मग तोटी अर्धीच उघडायची. मी ज्यात मॅश करते त्या कूलबॉक्सच्या तळाशी तोटीखाली लिटरभर वर्ट अडकून राहायचा, म्हणून आता शेवटी बॉक्स पुस्तकाच्या जाडीएवढा तिरका करते. एवढ्याने ऐंशीच्या पुढे गेले.

त्यापुढे मी ओढत नाही. शेवटच्या धारेचे दोन घोट थंड करून जिभेवर घ्या. ग्रॅव्हिटी १.०१० च्या खाली गेली की गोडी संपते आणि फार वेळ उकळलेल्या चहासारखा तुरटपणा लागतो. तो लागला की तोटी बंद.