लुना, एक्सएल आणि टर्बोवाली बोलेरो: पार्ट निवडताना

जुन्या गाडीचा पार्ट घ्यायला निघालात की जुना पार्ट सोबत आणा, आणि तो पुसू नका. दारव्ह्याला (यवतमाळ जिल्हा) आमच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर लोक प्लग, पिस्टन पेट्रोलनं धुऊन, चकचकीत करून आणतात. त्या काजळीतच तर सगळं कळत असतं. प्लगचं टोक चॉकलेटी असेल तर ठीक. पांढरंफटक असेल तर इंजिन कुठून तरी जादा हवा ओढतंय. काळं आणि ओलं असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त जातंय. यातलं काय आहे हे ठरल्याशिवाय पैसे काढू नका, असं मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगते.

बाबांच्या काळात या काउंटरवरून लुनाचं सामान जायचं. 1972 साली आलेली 50 सीसीची ती गाडी आता क्वचितच दिसते. पण टीव्हीएस एक्सएल सुपर अजून गावोगावी आहे. वावरात जाताना फवारणीचा पंप आणि खताचं पोतं, येताना चाऱ्याचा भारा. 70 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, त्यावर एवढं ओझं आणि मे महिन्यात 45 अंशांचं ऊन. "ताई, गाडी वढत नाई, मोठा कार्बोरेटर द्या," असं कोणी म्हणालं की मी आधी विचारते, सायलेन्सर कधी साफ केला? टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरमध्ये काजळी साचते, धुराला वाट राहत नाही आणि इंजिन गुदमरतं. तो साफ केला, ब्लॉकच्या (सिलिंडरच्या) बाहेरच्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या पट्ट्यांत वाळून बसलेला काळ्या मातीचा चिखल खरवडून काढला आणि फोमचा फिल्टर धुऊन, ऑइलात भिजवून, पिळून बसवला, तर बहुतेक गाड्यांना कुठल्याच अपग्रेडची गरज उरत नाही.

काही पोरं आवाजासाठी सायलेन्सरच्या आतली नळी काढून टाकतात. आवाज वाढतो, ओढ घटते. टू-स्ट्रोकमध्ये धुराची उलट येणारी लाट ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलते. नळी गेली की ते मिश्रण तसंच बाहेर जातं, म्हणजे तुमचं पेट्रोल हवेत.

ओझ्यासाठी खरोखर उपयोगी पडणारा बदल स्वस्तातला आहे: चेनचं मागचं दातेरी चक्र (स्प्रॉकेट) दोन-तीन दात्यांनी मोठं घ्या. वेग थोडा कमी होईल, पण पांदण रस्त्यावर भरलेली गाडी चढ चढेल. चेन आणि दोन्ही चक्रं एकदमच बदला. झिजलेली चेन नव्या चक्राचे दाते लवकर खाते.

प्लगचा नंबर बघून घ्या. इथे पुष्कळ जण फसतात, कारण बॉश आणि एनजीके यांचे आकडे उलटे चालतात. एनजीकेत आकडा मोठा तो प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा; बॉशमध्ये आकडा मोठा तो गरम. एका कंपनीचा मिळाला नाही म्हणून दुसऱ्याचा घ्यायचा तर तक्त्यावरून जोडी जुळवा, नुसता आकडा बघून नाही.

रिबोर, म्हणजे झिजलेला ब्लॉक आतून कापून मोठा पिस्टन बसवणं, करायचा असेल तर पिस्टन आधी घ्या आणि तोच पिस्टन हातात देऊन ब्लॉक लेथवर पाठवा. पिस्टन 0.25, 0.50, 0.75 मिमी असे ओव्हरसाइज येतात. जेवढा घासलाय तेवढंच कापा, म्हणजे पुढच्या खेपेला जागा राहते. नवी रिंग ब्लॉकमध्ये सरकवून तिच्या दोन टोकांतली फट फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. आणि मिस्त्रीला विचारा, पोर्टच्या (ब्लॉकमधल्या हवा-धुराच्या भोकांच्या) कडा मारल्या का? ताज्या कापलेल्या धारेत रिंग अडकते आणि तुटते. हे काम दहा मिनिटांचं आहे, पण घाईत राहून जातं.

इंजिन उघडलंच आहे तर क्रँकचे दोन्ही ऑइल सील बदला. रबरी सील बाहेरून चांगला दिसतो, पण कडक झाला की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन चिकटतो. आयडलिंग आपोआप वाढत असेल तर माझा पहिला संशय सीलवर असतो. सील, बेअरिंग आणि रिंग या तीन वस्तूंत लोकल माल घेऊ नका. मडगार्ड, आरसा, पायदान खुशाल लोकल घ्या. क्रँकचं बेअरिंग घेताना नंबरापुढे सी3 आहे का पाहा. त्यात मुद्दाम जास्त फट ठेवलेली असते. कंपनीचं सी3 असेल तिथे साधं बसवलं तर तापल्यावर ते आवळतं.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल येतं. जुन्या गाडीची पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरमधली रबरं त्यानं फुगतात, म्हणून इथेनॉल चालणारीच नळी मागा. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. इथेनॉल पाणी ओढतं आणि ते पाणी तळाशी बसतं. लिटरला 20 मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल, हे मात्र मापानंच. अंदाजानं ओतणाऱ्याचा ब्लॉक एक तर काजळतो, नाहीतर चिकटतो.

आता टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात दाबानं हवा भरणारा पंखा. आमच्याकडे टर्बो म्हणजे मुख्यतः बोलेरो आणि 1.3 डिझेलची स्विफ्ट. गाडी ओढेना, काळा धूर मारते, की लोक थेट टर्बोच मागतात. तो महाग असतो आणि पुष्कळदा चांगलाही असतो. आधी फिल्टर, मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंतचे) होस आणि क्लॅम्प तपासा. फाटलेल्या होसमधून दाबाची हवा निसटते, डिझेल तेवढंच पडतं, म्हणून काळा धूर. निळा धूर असेल तर इंजिन ऑइल जळतंय. तेव्हा थंड इंजिनवर टर्बोचा पाइप काढून शाफ्ट बोटानं हलवून बघा. आडवा किंचित हलणं चालतं. पुढे-मागे जाणवण्याइतका सरकत असेल किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा असतील, तर टर्बो गेला.

गेला असेल तर का गेला ते शोधल्याशिवाय नवा बसवू नका. तो शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल बदलायला उशीर झाला की ऑइल येण्याची बारीक नळी कोळशानं बुजते. जुनी नळी तशीच ठेवलीत तर नवा टर्बोही त्याच वाटेनं जाईल. नळी आणि तिचे वॉशर नवेच घ्या. घर शाबूत असेल तर पूर्ण टर्बोऐवजी नुसता कोअर (शाफ्ट, पाती आणि बेअरिंगचा आतला भाग) मिळतो, पण तो बॅलन्स करून सीलबंद आलेला हवा. टर्बोच्या पट्टीवरचा पार्ट नंबर मोबाईलमध्ये टिपून आणा. गाडीचं मॉडेल एकच असलं तरी सालाप्रमाणे टर्बो बदलतो.

उघडा कोन (शंकूसारखा, डबा नसलेला) एअर फिल्टर मी कोणालाच देत नाही. तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आणि स्वस्तातल्या जाळीतून आपल्या रस्त्यांची धूळ थेट पात्यांवर जाते. टर्बोचा दाब आवरणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरची दांडी आवळून दाब वाढवणंही नको. ताकद वाढवायचीच असेल तर आधी क्लच, होस आणि इंटरकूलर सुस्थितीत आणा, मगच जाणकाराकडून हलका रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये बदल). जादा डिझेल आणि अपुरी हवा झाली की धुराचं तापमान चढतं आणि पिस्टनचा माथा वितळू शकतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत मनासारखा बदल करू देत नाही, त्यामुळे विम्याचा दावाही अडू शकतो. काम सांगण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

नवा टर्बो बसवताना ऑइलच्या भोकात थोडं ताजं ऑइल ओता, हातानं शाफ्ट फिरवा. डिझेल बंद ठेवून काही सेकंद स्टार्टर मारा, म्हणजे ऑइल वरपर्यंत पोचेल. मग गाडी चालू करा आणि दोन-तीन मिनिटं रेस देऊ नका. लांबून तापून आलात की मिनिटभर आयडलिंगवर ठेवूनच इंजिन बंद करा.