धुरांड्याचा ब्रश घेण्याआधी नळी मोजा

लाकडाच्या शेगडीचं धुरांडं घरीच साफ करायचं असेल, तर आधी नळीचा आतला व्यास मोजा. ब्रश त्याच मापाचा हवा. सैल ब्रश काजळी खरवडतच नाही. विटांच्या किंवा भाजक्या मातीच्या नळीला तारेचा ब्रश चालतो. स्टेनलेस स्टीलला मात्र नायलॉनचाच घ्या, तारेने ओरखडे पडतात. नळीला वळणं असतील तर लवचीक दांडे बघा. पेचाचे दांडे आत असताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरवायचे, नाहीतर जोड सुटून ब्रश आतच अडकतो. मास्क हवाच. थर ३ मिलिमीटरचा झाला की सफाई लांबवू नका, तो पेट घेऊ शकतो. डांबरासारखा चकचकीत, कडक थर मात्र ब्रशने निघत नाही. तिथे जाणकारालाच बोलवा.