आठवा हेन्री प्रोटेस्टंट नव्हता: इंग्लंडचा इतिहास लिहिताना या चुका टाळा

इंग्लंडचा बाराव्या ते सतराव्या शतकापर्यंतचा इतिहास मराठीत शिकवताना आणि लिहिताना काही चुका इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्या चुका आहेत हेही लक्षात येत नाही. विद्यार्थ्यांची टिपणे आणि नवोदित लेखकांचे मसुदे वाचताना त्या मला पुन्हापुन्हा भेटतात. त्यांतल्या बहुतेकींचे मूळ एका सवयीत आहे. राजा एका खात्यात, धर्म दुसऱ्या खात्यात आणि संसद तिसऱ्या खात्यात टाकून आपण हिशेब मांडतो. त्या काळच्या माणसांपुढे मात्र ही खाती वेगळी नव्हतीच. शपथ कोणाच्या नावाने घ्यायची आणि अखेरचा शब्द कोणाचा मानायचा, हा एकच प्रश्न त्यांच्यापुढे होता, आणि त्याचे उत्तर चुकले तर त्यांना प्राणाला मुकावे लागे.

‘आठव्या हेन्रीने इंग्लंडमध्ये प्रोटेस्टंट पंथ आणला’

हे वाक्य जवळजवळ प्रत्येक टिपणात सापडते. ते तपासायचे असेल तर ३० जुलै १५४० हा दिवस पाहावा. त्या दिवशी लंडनच्या स्मिथफील्डमध्ये सहा जणांना देहदंड देण्यात आला. रॉबर्ट बार्न्ससह तिघे प्रोटेस्टंट उपदेशक पाखंडी म्हणून जाळले गेले. उरलेले तिघे कॅथलिक होते. चर्चवरची राजाची सत्ता त्यांनी नाकारली, म्हणून राजद्रोही ठरवून त्यांना मारण्यात आले. हेन्रीला प्रोटेस्टंट मानले तर पहिल्या तिघांचा उलगडा होत नाही आणि रोमनिष्ठ कॅथलिक मानले तर दुसऱ्या तिघांचा होत नाही. रोमची, म्हणजे पोपची, सत्ता तोडायची, पण श्रद्धेचा गाभा बव्हंशी जुनाच ठेवायचा, हे त्याचे धोरण लक्षात घेतले की सहाही मृत्यूंचा अर्थ लागतो.

याच हेन्रीला १५२१ मध्ये, प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरविरुद्ध लिहिलेल्या ग्रंथाबद्दल, पोप दहाव्या लिओने ‘धर्मरक्षक’ हा किताब दिला होता. १५३४ च्या सर्वोच्चतेच्या कायद्याने तो इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख झाला, तरी १५३९ च्या सहा कलमांच्या कायद्याने धर्मोपदेशकांच्या विवाहावरची बंदी कायम राहिली आणि भाकरी व द्राक्षरस यांचे ख्रिस्ताच्या देहात व रक्तात रूपांतर होते हे नाकारणाऱ्यास जाळण्याची शिक्षा सांगितली गेली. प्रोटेस्टंट उपासना खऱ्या अर्थाने आली ती त्याचा मुलगा सहावा एडवर्ड याच्या कारकिर्दीत, १५४९ आणि १५५२ च्या प्रार्थनापुस्तकांतून. तेव्हा ‘हेन्रीने रोमशी संबंध तोडला आणि एडवर्डच्या काळात चर्चची शिकवण बदलली’ असे लिहावे.

याच प्रकरणात ‘घटस्फोट’ हा शब्द हमखास येतो आणि मोठी गफलत करून जातो. हेन्रीला आपली पहिली पत्नी कॅथरीन हिच्यापासून घटस्फोट नको होता. हा विवाह मुळात झालाच नव्हता, असा निवाडा त्याला हवा होता, कारण कॅथरीन त्याच्या दिवंगत भावाची पत्नी होती. या विवाहाला पूर्वीच्या एका पोपने खास परवानगी दिली होती. म्हणजे तेव्हाचा पोप सातवा क्लेमेंट याने आपल्याच गादीवरचा आधीचा निर्णय चुकीचा ठरवावा, अशी ती मागणी होती. त्यातच १५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजांनी रोम लुटले होते, आणि कॅथरीन या चार्ल्सची मावशी होती, त्यामुळे पोपला असा निवाडा देणे अवघड होते. पुढे इंग्लंडमध्येच विवाह रद्द ठरवला गेला, त्यामुळे हेन्री आणि कॅथरीनची मुलगी मेरी अनौरस ठरली आणि वारसाहक्काचा गुंता पुढे अनेक वर्षे टिकला. ‘घटस्फोट’ लिहिल्यावर हा सगळा दुवा वाचकाच्या हातून निसटतो. ‘विवाह रद्द ठरवणे’ हे शब्द थोडे अवघडले तरी तेच वापरावेत.

मठांबद्दलही एक वाक्य ठरलेले असते: ‘राजाने पैशासाठी मठ लुटले.’ पैसा हे कारण होतेच, पण परिणाम त्याहून खोल गेले. १५३६ ते १५४० या काळात सुमारे ८०० मठ बंद करून त्यांची मालमत्ता खालसा झाली. त्यातल्या पुष्कळ जमिनी पुढे सरदारांना आणि गावोगावच्या जमीनदारांना विकल्या गेल्या. १५३६ मध्ये उत्तर इंग्लंडमध्ये रॉबर्ट आस्कच्या नेतृत्वाखाली मोठा उठाव झाला, त्यात मठ वाचवणे ही एक प्रमुख मागणी होती. हेन्रीने वाटाघाटीत वेळ काढला आणि पुढच्या वर्षी आस्कला यॉर्कमध्ये फाशी दिले. मठाधिपतींची संसदेच्या उमराव सभेतील आसने गेल्यामुळे तिथे धर्माधिकारी कायमचे अल्पसंख्य झाले. पुढे राणी झालेल्या याच मेरीने १५५४-५५ मध्ये देश पुन्हा रोमशी जोडला, तेव्हा कॅथलिक जमीनधारकही घेतलेल्या जमिनी परत द्यायला तयार नव्हते आणि पोपच्या प्रतिनिधीला त्या त्यांच्याकडेच राहू द्याव्या लागल्या. धर्म, जमीन आणि संसद यांची सांगड कशी होती, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

‘मेरी क्रूर आणि एलिझाबेथ सहिष्णू’

मेरीच्या कारकिर्दीत १५५५ ते १५५८ या काळात सुमारे २८० प्रोटेस्टंट जाळले गेले. त्यांत आर्चबिशप क्रॅन्मर होता, तसेच विणकर, कामगार आणि सामान्य स्त्रियाही होत्या. हे भयंकर होते आणि ते सौम्य करून सांगू नये. चूक पुढच्या पायरीवर होते. मेरीनंतर गादीवर आलेली तिची प्रोटेस्टंट सावत्र बहीण एलिझाबेथ हिच्या काळात कॅथलिक धर्मोपदेशकांना मारले गेले ते पाखंडी म्हणून नव्हे, तर राजद्रोही म्हणून. जाळण्याऐवजी फाशी देऊन, जिवंतपणीच पोट फाडून शरीराचे तुकडे करणे ही ती शिक्षा होती. ‘धर्मासाठी मारलेल्यांची’ यादी करताना ही माणसे वगळली जातात आणि तुलना एकांगी होते.

१५५९ मध्ये एलिझाबेथने ‘सर्वोच्च प्रमुख’ऐवजी ‘सर्वोच्च प्रशासक’ ही पदवी घेतली आणि रविवारी चर्चमध्ये न येणाऱ्यास १२ पेन्सचा दंड ठेवला. १५७० मध्ये पोप पाचव्या पायसने तिला बहिष्कृत करून प्रजेला तिच्याशी असलेल्या निष्ठेतून मुक्त केले. इथून प्रत्येक कॅथलिकापुढे पेच उभा राहिला, कारण पोपची आज्ञा मानावी तर राणीशी द्रोह होतो आणि राणीची मानावी तर पोपचा अवमान होतो. १५८१ मध्ये गैरहजेरीचा दंड महिन्याला २० पौंडांवर गेला. सर्वसाधारण कुटुंबाला ही रक्कम पेलणे शक्यच नव्हते. १५८५ च्या कायद्याने, परदेशात दीक्षा घेतलेल्या कॅथलिक धर्मोपदेशकाने इंग्लंडमध्ये नुसते असणे हाही राजद्रोह ठरला. म्हणून अशा प्रत्येक नोंदीत आरोप पाखंडाचा होता की राजद्रोहाचा, हे आधी पाहावे. आठव्या हेन्रीचा माजी मंत्री थॉमस मोर याच्या बाबतीतही तेच. १५३५ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला तो राजद्रोहाच्या आरोपावरून, आणि त्याच्या मुळाशी शपथ घ्यायला दिलेला नकार होता.

याला मुंबईचा एक दुवा आहे. १६६१ च्या विवाहकरारानुसार पोर्तुगालने कॅथरीन ऑफ ब्रागांझाबरोबर मुंबई दुसऱ्या चार्ल्सला दिली, त्यात मुंबईतील रहिवाशांना रोमन कॅथलिक उपासनेची मोकळीक राहील असे मान्य केले होते. त्याच वेळी लंडनमध्ये सामान्य कॅथलिकाने आपल्या पद्धतीची उपासना करणे बेकायदा होते. त्यामुळे ‘इंग्रजांचे धार्मिक धोरण’ असा एकवचनी शब्दप्रयोग करताना कोणत्या ठिकाणाचे धोरण, हे लिहायला हवे.

‘मॅग्ना कार्टा म्हणजे लोकशाहीची सुरुवात’

१५ जून १२१५ रोजी रनीमीड येथे जॉन राजाने मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी सनद, मान्य केली, इथपर्यंत सगळे बरोबर लिहितात. त्याआधीची आणि नंतरची पाने मात्र वगळली जातात. कँटरबरीच्या आर्चबिशपपदी स्टीफन लँग्टनला स्वीकारायला जॉनने नकार दिला, म्हणून पोप तिसऱ्या इनोसंटने १२०८ पासून इंग्लंडमधील उपासनाच बंद केली. अखेर १२१३ मध्ये जॉनने आपले राज्य पोपला अर्पण करून ते मांडलिक म्हणून परत घेतले आणि वर्षाला १००० मार्क खंडणी कबूल केली. त्यामुळे दोन वर्षांनी सरदारांनी सनद लादली, तेव्हा जॉनने आपल्या धन्याकडे, म्हणजे पोपकडे दाद मागितली आणि ऑगस्ट १२१५ मध्ये पोपने ती सनद रद्द ठरवली. तिचे आयुष्य अवघे दहा आठवड्यांचे होते. पुढे टिकली आणि कायद्यात शिरली ती तिसऱ्या हेन्रीची १२२५ ची सुधारित आवृत्ती. सनदेचे पहिले कलम इंग्लंडच्या चर्चच्या स्वातंत्र्याचे आहे, आणि हक्कांची भाषा ‘स्वतंत्र माणसां’पुरती आहे. जमिनीला बांधलेले भूदास कुणबी त्या शब्दांत येत नव्हते.

नावांचे घोटाळे

थॉमस क्रॉमवेल हा आठव्या हेन्रीचा मंत्री आणि ऑलिव्हर क्रॉमवेल हा सतराव्या शतकातील सेनानी. ऑलिव्हर हा थॉमसच्या बहिणीच्या वंशातला. इंग्लंडची पहिली मेरी आणि १५८७ मध्ये शिरच्छेद झालेली स्कॉटलंडची मेरी या वेगळ्या स्त्रिया आहेत. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडचा पहिला जेम्स झाला, पण राज्ये दोन राहिली. १७०७ पूर्वीच्या घटनांसाठी ‘ब्रिटिश संसद’ असे लिहू नये.

‘यादवी युद्ध: राजेशाही विरुद्ध लोकशाही’

इंग्लंड आणि स्कॉटलंड ही एकच राज्ये समजण्याची वरची चूक इथे महागात पडते. जेम्सचा मुलगा पहिला चार्ल्स १६२९ ते १६४० संसदेविना राज्य करत होता, कारण संसद ही राजा बोलावील तेव्हा भरणारी सभा होती. तिला आजच्या लोकसभेसारखी कायमची संस्था समजू नये. त्याचा डाव कोसळला तो स्कॉटलंडमध्ये. १६३७ मध्ये त्याने तिथल्या प्रेस्बिटेरियन (बिशपांऐवजी ज्येष्ठांच्या सभांनी चर्च चालवावे असे मानणाऱ्या) चर्चवर नवे प्रार्थनापुस्तक लादले, एडिंबरोत दंगल झाली, १६३८ मध्ये आपले चर्च राखण्याच्या ‘राष्ट्रीय करारा’वर सह्या झाल्या आणि १६३९-४० मध्ये युद्ध पेटले. त्या युद्धाच्या खर्चासाठी त्याला संसद बोलवावी लागली. १६४१ मध्ये आयर्लंडमध्ये उठाव झाला, तेव्हा तो मोडण्यासाठी उभारायचे सैन्य कोणाच्या हातात द्यायचे, यावर राजा आणि संसद यांचे कायमचे फाटले. स्कॉटलंड आणि आयर्लंड वगळून ऑगस्ट १६४२ मधील युद्धाची कारणे लिहिली तर ती पोकळच राहतात.

संसदेचे सैनिकही ‘राजा आणि संसद’ यांच्या नावाने लढत होते. राजाला दुष्ट सल्लागारांपासून सोडवायचे, अशी त्यांची भाषा होती. डिसेंबर १६४८ मध्ये लष्कराने वाटाघाटींना अनुकूल सभासदांना संसदेबाहेर काढले. उरलेल्या मोजक्या सभासदांच्या सभेने राजावर खटला उभा केला आणि मृत्युदंडाच्या आज्ञापत्रावर ५९ जणांनी सह्या केल्या. ‘संसदेने राजाला मारले’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. तसेच प्युरिटन हा सुरुवातीपासून वेगळा पंथ होता असेही समजू नये. ते इंग्लंडच्या चर्चमध्येच राहून त्याची आणखी शुद्धी मागणारे लोक होते, आणि हे नाव त्यांना विरोधकांनी हिणवून दिले होते.

‘१६८८ ची रक्तहीन क्रांती’

१६८८ मध्ये कॅथलिक राजा दुसरा जेम्स याला हटवून हॉलंडचा विल्यम सत्तेवर आला. त्याला रक्तहीन म्हणणे इंग्लंडपुरते बऱ्याच अंशी खरे आहे. पण या सत्तांतराचा निकाल लावण्यासाठी स्कॉटलंडमध्ये १६८९ ला किलीक्रॅंकी, आयर्लंडमध्ये १६९० ला बॉइन आणि १६९१ ला ऑग्रिम येथे लढाया झाल्या. या विषयात मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच वाटते. दुसऱ्या जेम्सने कॅथलिकांना आणि चर्चबाह्य प्रोटेस्टंटांना सवलती दिल्या होत्या. त्याच्या विरोधकांनी त्या नाकारल्या, कारण त्या संसदेचे कायदे बाजूला सारून दिल्या गेल्या होत्या. शिवाय १६८५ मध्येच फ्रान्सच्या चौदाव्या लुईने तिथल्या प्रोटेस्टंटांचे हक्क काढून घेतले होते, त्यामुळे कॅथलिक राजाच्या औदार्यावर कोणाचा विश्वास उरला नव्हता. १६८९ च्या सहिष्णुता कायद्यानेही कॅथलिकांना काही दिले नाही.

तारखांचा गोंधळ

दोन विश्वसनीय ग्रंथांत एकाच घटनेच्या तारखा वेगळ्या दिसल्या तर मुद्रणदोष मानण्याची घाई करू नये. इंग्लंड १७५२ पर्यंत ज्युलियन पंचांग वापरत होते. सतराव्या शतकात ते युरोपातील ग्रेगोरियन पंचांगाच्या दहा दिवस मागे होते. शिवाय कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. चार्ल्सचा शिरच्छेद आपण ३० जानेवारी १६४९ चा मानतो, पण मृत्युदंडाच्या आज्ञापत्रावर साल १६४८ आहे. विल्यम ५ नोव्हेंबर १६८८ ला टॉरबे येथे उतरला, त्या दिवशी हॉलंडमध्ये १५ नोव्हेंबर होता. जानेवारी ते २४ मार्च या काळातल्या कोणत्याही तारखेला मूळ कागदातले साल कोणत्या रीतीने मोजले आहे ते पाहावे, आणि दिवसांचा फरक पडला तर वार ताडून पाहावा, कारण पंचांग बदलले तरी वार बदलत नाही.

मराठी वाचकाला ही पद्धत घरच्याच उदाहरणावर पडताळता येते. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला रायगडावर हजर असलेला कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन याने ६ जून १६७४ ही तारीख लिहिली, ती इंग्लंडच्या पंचांगानुसार आहे. ग्रेगोरियन पंचांगाने तो दिवस १६ जून येतो. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा वार शनिवार होता, आणि दोन्ही तारखांना शनिवारच येतो.