जुनं खेळण्यातलं स्टीम इंजिन घेताय? आधी बॉयलर बघा

जत्रेतली ती टिनाची पुकपुक बोट आठवते ना, खाली वात पेटवली की परातीत गोल गोल फिरायची? तीपण वाफेवरच चालायची. हे इंजिन म्हणजे तिचंच थोरलं भावंड, फक्त किंमत ऐकून घाम फुटतो.

या खेळण्यांचं माहेरघर जर्मनीतलं न्यूरेंबर्ग. बिंग, प्लांक, कारेट या कंपन्या सगळ्या तिथल्याच. बिंगवर जीबीएन छाप असेल तर ढोबळमानाने पहिल्या महायुद्धाआधीचं, बीडब्ल्यू असेल तर नंतरचं, आणि १९३० च्या दशकात कंपनीच बुडाली, म्हणून भाव चढे. नवशिक्याने तिकडे फिरकूच नये असं माझं मत, इंग्लंडचं मॅमॉड घ्या, जेफ्री मॅलिन्सनी १९३७ मध्ये बर्मिंगहॅमला सुरू केलेलं, ढिगाने बनलंय त्यामुळे वॉशर-स्प्रिंग अजून मिळतात. खाली स्पिरिटचा दिवा असेल तर जुनं, जळणाच्या वड्या ठेवायचा ट्रे असेल तर १९७० च्या दशकातलं किंवा नंतरचं, अर्थात दिवा मागून बदललेला असू शकतो.

आता खरं काम. रंग बघून भुलू नका. सेफ्टी व्हॉल्व्ह (जास्तीची वाफ सोडणारी झडप) काढून तिथे रबरी नळी बसवा, बाकीची भोकं बंद करा, बॉयलर बादलीत बुडवा आणि तोंडाने फुंका. सायकलचं पंक्चर बघतो तसंच, टोकाच्या झाकणापाशी बुडबुडे आले की समजायचं कधीतरी कोरडं तापलंय आणि सोल्डर गेलंय. माझं पहिलं इंजिन असंच गप्पांच्या नादात कोरडं पडलं, तेव्हापासून पेटवल्यावर जागेवरून उठत नाही. व्हॉल्व्हची दांडी ओढून सोडा, स्प्रिंगने परत बसली पाहिजे, क्षाराने अडकली असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवा, तरी नाही सुटली तर नवीन घाला, इथे कंजूषी नको.

आणि पितांबरी लगेच काढू नका हां! काही जुन्या जर्मन बॉयलरना मुद्दाम निळसर फिनिश दिलेलं असतं, घासलं की गेलं.

चालवताना डिस्टिल्ड पाणी, गरम करूनच भरा, वेळ वाचतो. सिलिंडरला स्टीम ऑइल, शिलाई मशीनचं तेल वाफेत धुऊन जातं. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून सावलीत पेटवा. सुरुवातीला सिलिंडर गरम पाणी थुंकतो, तोंड लांब ठेवा आणि फ्लायव्हीलला, म्हणजे त्या जड चाकाला, बोटाने दोनचार झटके द्या. आग विझून वाफ पूर्ण गेली की मगच पाणी भरायचा प्लग उघडायचा, आणि बॉयलर कोमट असतानाच उरलेलं पाणी ओतून टाकायचं.