दिवाळीच्या प्रवासाआधी दुचाकीची तयारी: ॲव्हरेज आणि पिकअप दोन्हींसाठी

पावसाळाभर चिखलपाण्यातून फिरलेली शंभर किंवा सव्वाशे सीसीची मोटरसायकल घेऊन दिवाळीत पुण्याहून कोल्हापूरला जायचे, म्हणजे एका दिशेचा सुमारे 230 किलोमीटरचा प्रवास करायचा, तर तिची तयारी आदल्या संध्याकाळी गॅरेजात सोडून होत नाही. त्यासाठी किमान पंधरा दिवस हाताशी असावेत. इतके दिवस कामाला लागतात असे नाही, काम दोन रविवारांचे आहे, पण केलेल्या कामाचा उपयोग झाला की नाही हे कळण्यासाठी मधल्या काळात पेट्रोलच्या दोन टाक्या संपाव्या लागतात. ॲव्हरेज हवे असेल तर पिकअप सोडा आणि पिकअप हवा असेल तर ॲव्हरेज विसरा, असे गॅरेजच्या बाकावर नेहमी ऐकू येते. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून ॲव्हरेज काढायचे असेल तर ते खरेही आहे. मात्र माझ्या अनुभवात दोन्ही एकदमच जातात, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा इंजिनात नसून चाकांत, चेनमध्ये आणि ब्रेकमध्ये असते. गाडी मोकळी फिरत नसते, म्हणून ती पितेही जास्त आणि पळतेही कमी.

सर्वप्रथम सध्याचे ॲव्हरेज मोजून वहीत लिहावे, कारण आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ राहत नाही. मीटरवरचा पेट्रोलचा काटा, किंवा रिझर्व्हला आल्यापासून पुन्हा रिझर्व्हला येईपर्यंतचे अंतर, या दोन्ही गोष्टी अंदाजापुरत्या ठीक आहेत, पण तुलनेसाठी निरुपयोगी आहेत. टाकी एकदा पूर्ण भरावी, किलोमीटरचा आकडा टिपावा, निदान तीनशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवावी आणि त्याच पंपावर, गाडी पुन्हा मेन स्टँडवर उभी करून, पहिल्याच खुणेपर्यंत टाकी भरावी. मीटर 28,416 वरून 28,731 वर गेला आणि टाकीत सव्वापाच लीटर पेट्रोल बसले, तर 315 भागिले 5.25 म्हणजे लीटरला 60 किलोमीटर हे तुमचे खरे ॲव्हरेज. टाकी गळ्यापर्यंत मात्र भरू नये. पेट्रोल उन्हाने फुगते, आणि अलीकडच्या गाड्यांत त्याची वाफ शोषून घेणारा जो डबा असतो त्यात थेट पेट्रोल शिरले तर नवेच दुखणे मागे लागते.

यादीतले दुसरे काम फुकटातले आहे आणि मी त्याला सर्वांत जास्त वेळ देतो. गाडी मेन स्टँडवर घ्यावी, न्यूट्रल करावी आणि मागचे चाक हाताने जोरात फिरवून कान देऊन ऐकावे. चाक दोन-चार फेऱ्या सहज मारून हळूहळू थांबले तर ठीक. अर्ध्या फेरीत अडखळले, किंवा प्रत्येक फेरीत एकाच जागी खर्र आवाज आला, तर ब्रेक घासत आहे, चेन ताणलेली आहे किंवा बेअरिंग गेले आहे. पावसाळ्यानंतर ड्रममध्ये, म्हणजे चाकातल्या ब्रेकच्या डब्यात, लायनरची (घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांची) भुकटी आणि चिखल यांचा थर बसतो आणि लायनर बाहेर ढकलणारा ब्रेकचा कॅम गंजाने जड होतो, त्यामुळे पाय काढला तरी लायनर पुरते मागे येत नाहीत. चाक उतरवून ड्रम कोरड्या फडक्याने पुसावा, कॅमच्या दांड्याला अगदी जरासे ग्रीस लावावे आणि ते लायनरला लागणार नाही याची काळजी घ्यावी. पुढे डिस्क ब्रेक असेल तर पॅडचा किंचित स्पर्श चालतो, पण चाक धरून ठेवल्यासारखे वाटत असेल तर पॅड दाबणारा कॅलिपर उघडून साफ करून घेणे भाग आहे, आणि ते काम ज्याला येते त्याच्याकडूनच करून घ्यावे.

ब्रेकविषयी इतके लिहिण्याला माझे स्वतःचे कारण आहे. दोन वर्षांपूर्वी सर्व्हिसिंगहून आणलेल्या गाडीचे ॲव्हरेज आठवडाभरातच साठवरून पन्नासच्या खाली आले. मी प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, पेट्रोल पंपावरही संशय घेतला. शेवटी एका संध्याकाळी कात्रजचा चढ चढून आल्यावर मागच्या ड्रमजवळ हात नेला तर तव्यासारखी धग लागली. झाले होते ते असे, की सर्व्हिसिंगमध्ये चेन ताणताना मागचे चाक मागे सरकवले होते, आणि चाक मागे सरकले की ब्रेकची दांडी आपोआप ताणली जाते. ती सैल करण्यासाठी नट दीड-दोन आटे मागे घ्यायला हवा होता, तो घेतलेला नव्हता. म्हणून चेन ताणली की मागच्या ब्रेकची पॅडलची ढिलाई पुन्हा तपासायची, ही नोंद माझ्या यादीत तेव्हापासून लाल शाईत आहे. बहुतेक ड्रम ब्रेकच्या गाड्यांत पॅडल दोन ते तीन सेंटिमीटर खाली गेल्यावर ब्रेक लागू लागावा.

चेनची ढिलाई बहुतेक कम्युटर गाड्यांत खालच्या पदराच्या मध्यभागी वर-खाली मिळून 20 ते 30 मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात पाहावा. ज्या गाड्यांची चेन पूर्ण झाकलेली असते, त्यांच्या कव्हरला खाली एक रबरी बूच असते, ते काढून बोट घालून ही ढिलाई तपासता येते. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी तपासावे, कारण झिजलेली चेन एका जागी सैल आणि दुसऱ्या जागी ताठ लागते, आणि तशी असेल तर ताणून उपयोग नाही, चेन आणि तिच्या दोन्ही दातेरी चकत्या मिळून चेनसेटच बदलावा. उघडी चेन रॉकेलमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशने धुवावी, पूर्ण कोरडी होऊ द्यावी आणि मग 90 नंबरचे गिअर ऑइल आतल्या बाजूने थेंब थेंब सोडावे. इंजिनातून काढलेले काळे ऑइल चेनला लावण्याची पद्धत सर्रास दिसते. त्यात धातूचा बारीक कीस आणि काजळी असते, तेव्हा तो मोह टाळावा. ताणताना एक्सलच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या घरावर आहेत ना, हे पाहायला विसरू नये. चाक तिरके बसले तर चेनही झिजते आणि टायरही.

हवा तपासण्याचे काम सकाळी, टायर थंड असताना आणि घराजवळच्याच पंपावर करावे. दहा किलोमीटर पळवून गरम झालेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो आणि पंपावरचा मुलगा उलट हवा कमी करतो. एकट्याने चालवताना पुढे 25 आणि मागे 28 पीएसआय हा या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांचा आकडा आहे, डबलसीटसाठी मागचा दाब त्याहून जास्त असतो. आपल्या गाडीचा आकडा चेनकव्हरवरच्या किंवा मागच्या फोर्कवरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो, तो धुऊन वाचावा. नायट्रोजन भरला तर बिघडत नाही, पण साध्या हवेतही सुमारे 78 टक्के नायट्रोजनच असतो, त्यामुळे त्याने ॲव्हरेज वाढेल ही आशा करू नये. दिसायला भारदस्त म्हणून मागे रुंद टायर बसवला असेल तर कंपनीच्या मापावर परत येणे हाच उपाय.

आता इंजिन. ऑइलची मुदत प्रवासात संपणार असेल तर ते आधीच बदलावे, आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच घालावे. शंभर-सव्वाशेच्या बहुतेक गाड्यांना 10डब्ल्यू-30 चालते, त्याहून घट्ट ऑइल घातले तर इंजिन जड फिरते. मोटारीचे ऑइल दुचाकीत घालू नये. दुचाकीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि मोटारीच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी तो घसरू लागतो. म्हणून डब्यावर जॅसो एमए किंवा एमए2, म्हणजे अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण, लिहिलेले पाहावे. क्लचच्या लिव्हरच्या टोकाला एक ते दोन सेंटिमीटर ढिलाई हवी. ती नसेल तर क्लच अर्धवट सुटलेलाच राहतो, इंजिन रेस घेते आणि गाडी जागची हलत नाही. टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची ढिलाई, मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच सेट करतात, त्यामुळे त्यासाठी गाडी आदल्या रात्री गॅरेजात ठेवावी. गरम इंजिनावर पाच मिनिटांत टॅपेट करून देणाऱ्या मिस्त्रीला नम्रपणे नको म्हणावे.

एअर फिल्टर फोमचा असेल तर धुऊन, वाळवून आणि पुस्तकात सांगितले असल्यास ऑइलात पिळून बसवावा. तेलकट कागदाचा असेल तर त्याला धुऊ नये आणि हवाही मारू नये; त्याची मुदत भरली की तो बदलायचा असतो. प्लग काढून त्याचा रंग पाहावा. फिकट कॉफीसारखा असेल तर मिश्रण बरोबर आहे, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जात आहे, पांढरट असेल तर कमी जात आहे, आणि ओला तेलकट काळा असेल तर ऑइल जळत आहे, ज्याचा खर्च मोठा आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक, म्हणजे थंड गाडी सुरू करताना पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी कळ, चुकून अर्धा ओढलेला राहिला नाही ना, हे आधी बघावे. महिनाभर चोकवर चालवून ‘गाडी फार पिते’ म्हणणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांत एकदा मीही होतो. पीयूसीच्या कागदावरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा आपण घडी घालून ठेवून देतो, पण तो मागच्या वेळेपेक्षा बराच वाढला असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त झाल्याची ती फुकटची खूण आहे. एप्रिल 2020 पासूनच्या, बीएस-6 या प्रदूषणाच्या नियमातल्या बहुतेक गाड्यांत इंधन इंजेक्शनने जाते, तिथे स्क्रूने ट्युनिंग हा प्रकार उरलेला नाही. इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी साफ असणे, बॅटरी सशक्त असणे आणि इंजिनाचा पिवळा दिवा गाडी चालू झाल्यावर विझणे, एवढेच पाहावे.

पेट्रोलबद्दल थोडे सांगायला हवे, कारण पूर्वीच्या वहीतले आकडे आज तसेच येणार नाहीत. आता मिळणाऱ्या ई-20 पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते, आणि इथेनॉलमध्ये लीटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे त्या मिश्रणाच्या लीटरमध्येच निव्वळ पेट्रोलपेक्षा साधारण सहा ते सात टक्के ऊर्जा कमी आहे. हे इथेनॉल आपण ज्या रस्त्याने जाणार आहोत त्याच्या दोन्ही बाजूंच्या उसातूनही बनते, तेव्हा सातारा-कोल्हापूरच्या माणसाने फार तक्रार करू नये असे मी गमतीने म्हणतो. व्यवहाराची गोष्ट ही, की इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्यात गाडी आठ-पंधरा दिवस बंद होती आणि नंतर झटके देऊ लागली, तर कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सोडून आतले पेट्रोल बाटलीत घ्यावे. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीही रिकामी करून घ्यावी. महागडे, ज्यादा ऑक्टेनचे पेट्रोल साध्या कम्युटर गाडीत घालण्याला अर्थ नाही, कारण ज्या इंजिनाला त्या ऑक्टेनची गरज नाही त्याला त्यातून ताकद मिळत नाही.

सामान बांधताना वजनापेक्षा रुंदी आधी पाहावी. दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या फुगलेल्या पिशव्या वाऱ्याला अडतात, त्याऐवजी तेवढेच सामान स्वाराच्या पाठीमागे उभट बांधले तर अडथळा कमी होतो. वेगाचा हिशोबही वाऱ्याचाच आहे: ताशी 60 वरून 80 वर गेलात की हवेचा अडथळा पावणेदोन पटीहून थोडा अधिकच होतो, आणि शंभर सीसीच्या गाडीची बहुतेक ताकद तिथेच खर्च होते. टॉप गिअरमध्ये 50 ते 55 हा माझा पल्ला. खंबाटकीच्या घाटात मात्र टॉप गिअरचा हट्ट धरू नये. गाडी कण्हू लागण्याआधीच एक गिअर उतरावा, कारण मूठ पूर्ण पिळूनही वेग पडत असेल तर पेट्रोल वाया जाते आणि इंजिनही तापते. उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडणे धोक्याचे आहे, आणि इंजेक्शनच्या गाडीत तोट्याचेही. गिअरमध्ये मूठ बंद असताना अशा बऱ्याच गाड्या पेट्रोल पूर्ण तोडतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते तरी जाळावे लागते.

निघण्याच्या दिवशी सकाळी हवा, ऑइलची पातळी आणि मागच्या ब्रेकची ढिलाई एवढेच पाहावे. नवे काहीही उघडू नये. ठरलेल्या पंपावर ठरलेल्या खुणेपर्यंत टाकी भरून मीटर टिपावा आणि कोल्हापुरात पोहोचल्यावर पुन्हा भरावी. पुणे आणि कोल्हापूर ही दोन्ही शहरे समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहेत, त्यामुळे वाटेत घाट असला तरी एका बाजूचा आकडाही बराचसा प्रामाणिक येतो. परतीच्या आकड्याशी त्याची तुलना करताना सामानाकडे लक्ष द्यावे. येताना मागे फराळाचे डबे, गुळाची ढेप आणि एखादे पोते वाढलेले असते, तेव्हा निघण्याआधी मागच्या चाकाची हवा डबलसीटच्या आकड्यावर आणून ठेवावी.