मुरुम समजून फसू नका: केशकूपातल्या यीस्टचा बंदोबस्त

छाती, पाठ, खांदे किंवा कपाळावर केसांच्या कडेने पुळ्या उठतात, अँटिबायोटिक घेऊनही हटत नाहीत, उलट वाढतात. अशा वेळी मॅलसेझिया या यीस्टचा (एकपेशी बुरशीचा) संशय घ्यावा. हे यीस्ट निरोगी माणसाच्या त्वचेवरही असतेच. ग्लोबोसा, रिस्ट्रिक्टा, सिम्पोडियालिस, फरफर या त्याच्या माणसाशी संबंधित जाती. त्यांना स्वतःला स्निग्धाम्ले (फॅटी ॲसिड) बनवता येत नाहीत, म्हणून त्या तेलग्रंथींच्या आसऱ्याने केशकूपात, म्हणजे केसाच्या मुळाभोवतीच्या पिशवीत, राहतात. घाम, दमट हवा, घट्ट कपडे, स्टेरॉइड किंवा अँटिबायोटिकचा लांबलेला कोर्स यांमुळे त्यांची संख्या बेसुमार वाढते. अँटिबायोटिकने जिवाणू मरतात आणि यीस्टला रान मोकळे मिळते.

आधी पुळ्या नीट पाहा. या आजारात त्या जवळपास एकसारख्या, १ ते २ मिलिमीटरच्या असतात आणि खाजतात. मुरुमात लहानमोठ्या पुळ्यांबरोबर काळे-पांढरे टिपकेही दिसतात. इथे ते नसतात. मात्र दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

खात्री तपासणीनेच होते. न खाजवलेली, ताजी पुळी निवडावी, वरची त्वचा स्पिरिटने पुसावी, निर्जंतुक सुईने टोचून आतला ऐवज काचपट्टीवर घ्यावा. त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून १० ते १५ मिनिटे थांबावे आणि सूक्ष्मदर्शकाच्या ४० पट भिंगाखाली पाहावे. एका टोकाला कळी फुटलेल्या गोल पेशींचे पुंजके दिसले तर निदान पक्के होत जाते. नुसती वरची त्वचा खरवडली तर निष्कर्ष काढता येत नाही, कारण तिथे यीस्ट सगळ्यांच्याच असते. कल्चर करायचे, म्हणजे प्रयोगशाळेत यीस्ट वाढवून पाहायचे असल्यास साधे माध्यम चालत नाही. त्यात तेल हवे आणि तापमान ३२ ते ३४ अंश सेल्सिअस. (ही तपासणी त्वचारोगतज्ज्ञाकडेच करावी, घरी पुळ्या टोचू नयेत.)

सौम्य त्रासात २ टक्के केटोकोनॅझोल शाम्पू किंवा २.५ टक्के सेलेनियम सल्फाइड ओल्या त्वचेवर फेस करून लावावा, ५ मिनिटे ठेवावा, मग धुवावा. लावला की लगेच धुतला, हीच नेहमीची चूक. औषधाला केशकूपात शिरायला वेळच मिळत नाही. रोज किंवा दिवसाआड, ३ ते ४ आठवडे. सेलेनियमने जळजळ झाली तर थांबवावे.

पुळ्या खोल आणि खूप असतील तर तोंडाने औषध लागते: डॉक्टर इट्राकोनॅझोल किंवा फ्लुकोनॅझोल साधारण १०० ते २०० मिलिग्रॅम रोज, १ ते ४ आठवडे देतात. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल जेवणानंतर घ्यावी, आम्लपित्ताच्या गोळीसोबत नको. हृदय निकामी होत असलेल्यांना ती देत नाहीत. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशीही तिचे जुळत नाही. तोंडाने केटोकोनॅझोल यासाठी घेऊच नये, यकृताला धोका असतो.

त्या भागावर वनस्पती तेल चोपडणे बंद करावे, ते यीस्टचे अन्नच आहे. घाम आला की लवकर अंघोळ, सैल कपडे. पुळ्या गेल्यावरही शाम्पू आठवड्यातून एकदा चालू ठेवावा, नाहीतर त्या परत येतात. डाग मात्र महिनोन्महिने राहतात, ते पाहून औषध वाढवू नये.